सोपी जात आणली, तरी कुत्रा ऐकत नाही?

तक्रार साधारण अशी असते. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर नाहीतर जर्मन शेफर्ड घेतला, कारण जिकडेतिकडे वाचलं होतं की मोठ्या कुत्र्यांमध्ये या जाती शिकवायला सोप्या. पिल्लू चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत खरंच गुणी होतं. दोन दिवसांत ‘बस’ शिकलं, आठवड्याभरात ‘पाय दे’. मग आठव्या-नवव्या महिन्यात कुठेतरी माशी शिंकली. तीस किलोचं धूड आता फिरायला नेलं की आपल्यालाच फरफटत नेतं, पाहुण्यांच्या छातीवर पंजे ठेवतं, हाक मारली की एकदा वळून बघतं आणि परत वास घ्यायला लागतं. ट्रेनरकडे ठेवलं की सुधारतं. घरी आलं की चार दिवसांत ये रे माझ्या मागल्या.

आमचा बंड्या लॅब्रेडॉर. वर्षाचा होईपर्यंत मी त्याला हट्टी समजत होते आणि तसं सगळ्यांना सांगतही होते. प्रत्यक्षात तो भराभर शिकत होता, फक्त मी त्याला नकळत काय काय शिकवतेय याकडे माझंच लक्ष नव्हतं. या जातींची गोम हीच आहे, आणि खालचं सगळं त्याभोवतीच फिरतं.

‘सोप्या जाती’च्या ज्या याद्या सगळीकडे दिसतात त्यांतल्या बऱ्याचशा एकाच ठिकाणी जाऊन पोचतात. स्टॅनली कोरेन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली एक क्रमवारी प्रसिद्ध केली. आज्ञापालनाच्या स्पर्धांमध्ये परीक्षक असलेल्या सुमारे दोनशे लोकांची मतं गोळा करून ती बनवली होती. पहिल्या दहांत पूडल, जर्मन शेफर्ड, गोल्डन, डोबरमन, लॅब्रेडॉर आणि रॉटवायलर आहेत, म्हणजे मोठ्या कुत्र्यांची बरीच नावं. या वरच्या गटासाठी दिलेलं वर्णन असं: नवी आज्ञा पाचपेक्षा कमी वेळा सांगून कळते, आणि पहिल्याच सांगण्यात ९५ टक्के वेळा पाळली जाते. हे वाचून आपण खूश होतो. पण परीक्षकांनी पाहिलेले कुत्रे मेहनतीने तयार केलेले होते, ते आपसूक तसे झाले नव्हते. आणि पाचपेक्षा कमी वेळांत शिकणारा कुत्रा चुकीची गोष्टही तितक्याच वेळांत शिकतो. सोफ्यावर चढला, आपण बिस्किट दाखवून खाली उतरवला, असं चारदा झालं की तो पक्कं समजतो: सोफ्यावर चढलं की बिस्किट येतं.

आधी शरीर तपासा

नीट ऐकणारा कुत्रा अचानक ऐकेनासा झाला, तर पहिली चक्कर डॉक्टरकडे. मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांमध्ये हाडं दुखण्याचा एक आजार असतो, पॅनोस्टायटिस. साधारण पाच महिने ते दीड वर्ष या वयात येतो, जर्मन शेफर्डमध्ये विशेष आढळतो, आणि त्याचं लक्षण चमत्कारिक असतं: आज पुढचा डावा पाय लंगडतो, दोन आठवड्यांनी मागचा उजवा. घरच्यांना वाटतं नाटक करतोय. खुब्याच्या सांध्यात दोष असेल तर बसताना दुखतं, त्यामुळे असा कुत्रा ‘बस’ म्हटल्यावर उभाच राहतो किंवा एका कुल्ल्यावर तिरका टेकतो. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलत असेल, जिना चढायला कुरकुर करत असेल, तर आज्ञा बाजूला ठेवा. कानाचंही बघा. लॅब्रेडॉर आणि गोल्डनचे कान लोंबते, आत ओल राहते, संसर्ग झाला की पट्ट्याला हात घातलेला खपत नाही. तो हात चुकवतो आणि आपण म्हणतो, बोलावलं तर लांब पळतो.

आठवा महिना

आपण सोडून सगळ्यांचं ऐकतो, असं वाटतं ना? ते खरं असू शकतं. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, तोही नेमका लॅब्रेडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड आणि त्यांच्या संकरांवर. पाच महिन्यांची असताना आपल्या माणसाच्या सांगण्यावरून बसणारी पिल्लं आठव्या महिन्यात त्याच माणसाचं सांगणं जास्त वेळा कानाआड करत होती. अनोळखी माणसाने सांगितलं तर मात्र ऐकत होती. वर्षाच्या आसपास गाडी पुन्हा रुळावर आली.

ट्रेनरकडे सुधारतो आणि घरी बिघडतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे. कुत्रा शिकलेलं विसरलेला नसतो, तो वयात आलेला असतो. या तीन-चार महिन्यांत नवीन काही शिकवायला जाऊ नका. आहे ते सोपं करा, अंतर कमी करा, खाऊ वाढवा, लांब दोरी वापरा. याच काळात मारझोड आणि आरडाओरडा सुरू होतो, घर बदलण्याच्या गोष्टी निघतात, आणि तेच पुढे निस्तरायला जड जातं.

त्याला शब्द कळतो की तुमची मान?

एक परीक्षा घ्या. कुत्र्याकडे पाठ करून उभे राहा, हात खाली सोडलेले, आणि एकदाच ‘बस’ म्हणा. मी हे केलं तेव्हा मागून काहीच आवाज आला नाही. वळून पाहिलं तर बंड्या उभा, मान वाकडी करून माझ्या खांद्याकडे बघतोय. मग भावाने बाजूने व्हिडिओ काढला. त्यात दिसलं की ‘बस’ म्हणायच्या आधी दरवेळी माझी मान खाली झुकते आणि उजवा हात खिशाकडे जातो. बंड्या बसत होता तो त्या हाताला बघून. शब्द त्याच्या लेखी नुसता आवाज होता. पार्कात मी जॅकेट घालायचे, खिसा दिसायचा नाही, म्हणून तिथे तो ‘ऐकत नव्हता’.

दुरुस्ती सोपी, पण क्रम चुकवायचा नाही. आधी शब्द, मग एक सेकंद पूर्ण शांतता, मग हाताची खूण. दोन-तीन दिवसांत तो खुणेची वाट न बघता शब्दावरच बसायला लागतो, कारण खाऊ लवकर मिळतो. हात आणि शब्द एकदम आले तर तो हातच बघणार. कुत्र्यांना अंगाची भाषा आपल्या बडबडीपेक्षा फार आधी कळते.

मराठी घरांत आणखी एक भानगड आहे. ‘बस’ हा शब्द आपण ‘खाली बस’ म्हणूनही वापरतो आणि ‘पुरे’ म्हणूनही. तो भुंकतोय, आपण ओरडतो, ‘बस! बस झालं!’ तो चाटतोय, आपण हसत म्हणतो, ‘बस बस बस.’ दिवसातून वीस वेळा ‘बस’ ऐकू येतं आणि त्यातल्या अठरा वेळा बसण्याशी त्याचा काही संबंध नसतो. ‘ये’चं तर विचारूच नका. ‘ए बंड्या, काय करतोस रे’ यातला ‘ए’ आणि बोलावण्याचा ‘ये’, दोन्ही त्याच्या कानाला जवळजवळ सारखेच. आमच्याकडे त्यात भाऊ ‘सिट’ म्हणायचा आणि आई ‘बाळा, बस ना रे जरा’ अशी विनंती करायची. शेवटी फ्रिजवर कागद चिकटवला: बसायला ‘बैठक’, बोलवायला ‘इकडे’, आणि हे दोन शब्द एरवी कोणी उच्चारायचे नाहीत. ‘बैठक’ला पाहुणे हसतात. हसू देत.

जागा बदलली की परत पहिल्यापासून, हेही गृहीत धरा. स्वयंपाकघरातली ‘बैठक’ आणि फाटकातली ‘बैठक’ या कुत्र्याच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. सात-आठ जागी शिकवल्यावर त्याला कळतं की शब्द तोच आहे.

हाक मारली की येत नाही

माझी सगळ्यात मोठी चूक ही. संध्याकाळी कुंपणाच्या आत त्याला मोकळं सोडायचे, अर्धा तास खेळू द्यायचे, मग ‘ये’ म्हणायचे, आला की कडी अडकवायची आणि घरी. हे बहुधा चारच दिवस चाललं. पाचव्या दिवशी तो आला, पण माझ्यापासून बरोबर दोन हात लांब थांबला. मी एक पाऊल पुढे, तो एक पाऊल मागे. शेपूट हलतेय, तोंडावर हसू, आणि अंतर मोजून ठेवल्यासारखं कायम. ‘ये’ म्हणजे खेळ संपला, हे त्याला स्वच्छ कळलं होतं. वर वैतागून मी त्याच्या मागे धावले, म्हणजे संपलेला खेळ नव्याने सुरू करून दिला.

असा बिघडलेला शब्द दुरुस्त करत बसू नका, टाकून द्या आणि नवा घ्या. नवा शब्द घरात, जेवणाच्या वाटीपासून सुरू करायचा. ‘इकडे’ म्हटलं की काहीतरी अफलातून मिळतं: उकडलेल्या चिकनचा तुकडा, रोजचं कोरडं बिस्किट नव्हे. आठवडाभर तो शब्द फक्त अशाच वेळी उच्चारायचा जेव्हा तो येणार याची खात्री आहे. मग बाहेर, दहा मीटरच्या दोरीवर. ही दोरी गळ्यातल्या पट्ट्याला कधीच बांधू नका, हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीवरून बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजाला, बांधा. आणि हाताला गुंडाळू नका. तीस किलोचा कुत्रा वेगात टोकाला पोचतो तेव्हा दोरीच्या वेढ्यात बोट असेल तर ते मोडतं.

बाहेर गेल्यावर दहा वेळा बोलवा. दहाही वेळा तुकडा द्या, त्यातल्या नऊ वेळा पट्टा हलकेच धरा, सोडा आणि ‘जा’ म्हणून परत खेळायला पाठवा. हा पट्टा धरून सोडायचा भाग बरेच जण गाळतात, आणि मग कुत्रा खाऊ हातातून टिपून निसटतो. दहाव्या वेळी कडी अडकवली तर त्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. हाक एकदाच मारायची. ‘ये, ये, अरे ये ना, येतोस की नाही’ यातून तो एवढंच शिकतो की पाचवी हाक खरी असते. आला नाही तर दोरी हातात आहेच. खाली बसा, नाहीतर उलट दिशेला चालू लागा. आंघोळ, नखं, औषध यांसाठी या शब्दाने बोलवायचं नाही, आपण उठून जायचं आणि घेऊन यायचं.

आणि दहा मिनिटं छळून शेवटी आला, तरी रागवायचं नाही. माहीत आहे, फार अवघड आहे. पण रागावलात तर त्याच्या हिशेबी शिक्षा आल्याबद्दल झालेली असते, उशीर केल्याबद्दल नाही.

लॅब्रेडॉरवाल्यांना इथे जरा आयतं मिळालेलं असतं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते. माणसांना मदत करायला तयार केलेल्या लॅब्रेडॉरमध्ये हे प्रमाण बरंच जास्त निघालं. म्हणजे ‘शहाणा’ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्यात हावरेपणाचाही वाटा असू शकतो! खाऊ जरूर वापरा, पण तेवढं त्याच्या वाटीतून कमी करा. बंड्याचं वजन दोन महिन्यांत अडीच किलो वाढलं तेव्हा डॉक्टरांनी बोलणी मला घातली, त्याला नाही.

दोरी ओढणं

कुत्रा ओढतो कारण ओढल्याने काम होतं. त्याला त्या झाडापर्यंत जायचं असतं, तो ओढतो, आपण मागोमाग जातो, झाड येतं. ताणलेल्या दोरीवर टाकलेलं आपलं प्रत्येक पाऊल त्याच्यासाठी बक्षीस असतं.

दोरी ताणली की थांबायचं. ओढायचं नाही, झटका द्यायचा नाही, बोलायचंही नाही, नुसतं खांबासारखं उभं राहायचं. तो वळून बघेल किंवा एक पाऊल मागे येईल, दोरीला झोळ पडेल, त्याच क्षणी चालायचं. पहिल्या आठवड्यात कुठे पोचायचं ठरवूच नका. वीस मिनिटांत पन्नास मीटर झाले तरी पुष्कळ. लोक बघतात, त्याला इलाज नाही.

ही पद्धत सगळ्यांना माहीत असते, तरी बहुतेकांची फसते. कारण घरातलं एक माणूस घाईत असतं. आमच्याकडे सकाळी बाबा न्यायचे. त्यांना वेळेवर परतायचं असे, त्यामुळे ते बंड्याच्या मागे निमूट ओढले जात. दहातून दोनदा जरी ओढणं यशस्वी झालं तरी कुत्रा आशा सोडत नाही, उलट चिवट होतो. यावर एक उपाय मला कामी आला: दोन वेगळी साधनं. शिकवायचं असेल तेव्हा छातीवर कडी असलेला हार्नेस, आणि त्यावर नियम कायम कडक. घाई असेल तेव्हा पाठीवर कडी असलेला जुना हार्नेस, त्यावर ओढलं तर ओढलं. कुत्र्याला हा फरक पहिल्या तीन-चार दिवसांतच कळतो. बाबांनाही सुटल्यासारखं झालं.

काटेरी पट्टा, गळफासाची साखळी, विजेचा झटका देणारा पट्टा यांच्या वाटेला मी जात नाही. वेल्समध्ये झटक्याच्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. समोरून दुसरा कुत्रा येताना गळ्याला दुखलं, असं चार-पाचदा झालं, की हुशार जातीचा कुत्रा त्या दुखण्याची सांगड समोरच्या कुत्र्याशी घालतो, आणि नुसतं ओढणारं जनावर अंगावर धावून जायला लागतं. डोबरमनमध्ये मानेच्या मणक्यांचा आजार विशेष आढळतो, त्यामुळे त्यांच्या गळ्याला झटके नकोतच.

अंगावर उड्या

इथे थोडक्यात. हाताने ढकलणं म्हणजे कुस्ती, ‘खाली, खाली’ ओरडणं म्हणजे गप्पा, डोळ्यांत बघणं म्हणजे लक्ष. तिन्ही गोष्टी त्याला हव्याच असतात. चारही पाय जमिनीवर असताना खाऊ जमिनीवर टाका, म्हणजे तोंड खालीच राहतं. उडी मारली की पाठ फिरवा.

एक मात्र आधीच माहीत हवं. लक्ष देणं बंद केलं की पहिले काही दिवस उड्या वाढतात. इतके दिवस चालणारं बटण अचानक चालेना, की आपणही ते जोरजोरात दाबतो ना, तसं.

‘अगं, आधीपेक्षा जास्त उड्या मारतोय. तुझं काहीतरी चुकतंय,’ बाबा म्हणाले.

‘बाबा, अजून चार दिवस. हात खिशात ठेवा.’

पाचव्या दिवशी तो त्यांच्यासमोर येऊन नुसता थरथरत उभा राहिला, मागचा भाग जमिनीवर टेकतोय न टेकतोय असा. त्या चार दिवसांत एकदा जरी हात खिशातून निघाला असता तर तो शिकला असता की जास्त जोरात उडी मारायला हवी.

जातीचं मूळ काम विसरू नका

कित्येकदा ज्याला आपण बिघाड म्हणतो तो त्या जातीचा पिढीजात व्यवसाय असतो. गोल्डनची सुरुवात स्कॉटलंडमध्ये १८६८ साली लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी केली, मारलेले पक्षी तोंडात न चेमटता आणून देण्यासाठी. त्याने चप्पल उचलली तर ओरडून, मागे धावून ती सोडवू नका. तोंडात धरायला त्याची स्वतःची वस्तू द्या आणि अदलाबदल शिकवा. पाहुणे आले की तोंडात खेळणं असलेला गोल्डन मनगट धरत नाही.

जर्मन शेफर्डची नोंदणी १८९९ पासूनची, माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी सुरू केलेली. कळपाच्या कडेने दिवसभर येरझाऱ्या घालणं हे त्याचं काम होतं. फाटकाच्या आतून धावत येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणारा शेफर्ड तेच करतोय, फक्त पगार नाही. त्याला फाटकाजवळ एकटा सोडू नका आणि शोधाशोधीचं दुसरं काम द्या: लपवलेली वस्तू वासावरून काढणं, रोज दहा मिनिटं. रॉटवायलर गुरं हाकणारा, अंगाने रेटणं त्याच्या रक्तात. तुम्ही उलटं रेटलंत तर त्याला मजाच वाटते, बाजूला सरका. डोबरमन माणसाला चिकटून राहायला घडवलेला आहे, अंगणात बांधून ठेवला तर काहीही शिकवा, टिकत नाही.

स्टँडर्ड पूडलची गंमत वेगळी. तो तीनदा नीट करतो, चौथ्यांदा स्वतःची भर घालतो, पाचव्यांदा निघून जातो. त्याचा पाठ तीन मिनिटांचा ठेवा. खरं तर सगळ्यांचाच पाच मिनिटांपुढे नेऊ नका, दिवसातून तीन-चार वेळा घ्या.

कधी मदत घ्यायची

वाटीजवळ गेल्यावर अंग ताठ होणं, गुरगुरणं, दात लावणं, हे वरच्या उपायांनी सोडवायचे प्रश्न नाहीत. गुरगुरण्याबद्दल शिक्षाही करू नका. तो त्याचा इशारा आहे, आणि तो दाबला तर पुढच्या वेळी इशाऱ्याविना चावतो. आधी डॉक्टर, मग वर्तनतज्ज्ञ. ‘दहा दिवस माझ्याकडे ठेवा, तयार करून देतो’ म्हणणाऱ्यापेक्षा तुमच्या घरी येऊन तुमच्या हातात दोरी देणारा माणूस शोधा. जाताना दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या, बाजूने काढलेला, कुत्र्यासोबत तुमचे हात आणि मान पूर्ण दिसतील असा. काढताना कुत्र्याला काही करायला लावू नका, रोज जसं चालतं तसंच येऊ द्या. घरात ‘सिट’ म्हणणारा कोणी असेल तर त्यालाही त्यात घ्या.